तुम्ही कोण? – करेन समाज, डोंगर आणि ओळख

 

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 साली मंडाले घेतलं, राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढे आपल्या कोकणात आणून ठेवलं. 1916 साली तो तिथेच वारला. ही हकीकत ऐकताना आपला जीव राजाकडे ओढ घेतो, आणि ते साहजिकच आहे. पण त्याच ब्रह्मदेशात असेही लोक होते, ज्यांना राजा गेल्याचं फारसं दुःख झालं नाही. राजाला नेल्यावर ठिकठिकाणी इंग्रजांविरुद्ध उठाव झाले, तेव्हा या लोकांच्या तुकड्या इंग्रजांच्या बाजूने लढल्या. 1887 साली स्मीटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि पुस्तकाच्या नावातच त्यांना 'राजनिष्ठ' ठरवून टाकलं. हे लोक म्हणजे करेन. आज आपण त्यांच्याविषयी बोलणार आहोत.

सुरुवातीलाच एक अडचण आहे. 'करेन' हे नाव त्यांचं स्वतःचं नाही. ब्रह्मी लोक त्यांना 'कायिन' म्हणतात, मध्य थायलंडात 'कारियांग' म्हणतात, उत्तर थायलंडात 'यांग' म्हणत. इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलं आणि 'करेन' झालं. त्यांच्यातले स्गॉ बोलणारे लोक स्वतःला 'पगाकन्यॉ' म्हणतात. या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस'. प्वो बोलणाऱ्यांचं नाव आणखी वेगळं. स्गॉ आणि प्वो या नात्यातल्या भाषा खऱ्या, पण एकीच्या माणसाला दुसरी सहज कळत नाही. शिवाय पा-ओ आहेत, कायाह आहेत. भाषाशास्त्रज्ञ त्यांनाही याच शाखेत धरतात, पण ते आपलं वेगळं नाव सांगतात. वस्ती तरी एका जागी असावी, तर तेही नाही. इरावतीच्या मुखाकडच्या सपाट भातखाचरांपासून पेगूच्या डोंगररांगेपर्यंत, साल्वीन नदीच्या दोन्ही काठांवर, आणि सीमेपलीकडे थायलंडात चियांग माय, माए होंग सोन, ताक, कांचनबुरीपर्यंत हे लोक पसरलेले आहेत. धर्म म्हणाल तर बरेचसे बौद्ध, काही भूत-देवतांना मानणारे आणि एक अल्पसंख्य पण फार बोलका गट ख्रिस्ती.

हे सगळं पाहून पीटर हिंटन या मानववंशशास्त्रज्ञाने 1983 साली एक लेख लिहिला. त्याचं शीर्षकच होतं: करेन खरोखर अस्तित्वात आहेत का? प्रश्न जरा खोडकर वाटतो. पण त्या वेळी करेन बंडखोर म्यानमारच्या लष्कराशी 34 वर्षं लढत होते. ज्या नावासाठी माणसं मरत होती, ते नाव खरं आहे का, असा तो प्रश्न होता.

आम्ही आज तो प्रश्न थोडा वळवून घेणार आहोत. करेन आहेत की नाहीत, यापेक्षा त्यांना 'तुम्ही कोण?' असं कुणी विचारलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी काय उत्तर दिलं, हे बघू. गेल्या दोनशे वर्षांत हा प्रश्न मुख्यतः तिघांनी विचारला. पहिला मिशनरी, दुसरं राष्ट्र आणि तिसरा वनाधिकारी.

त्याआधीचं डोंगरातलं जगणं थोडक्यात समजून घेऊ. उतारावर किंवा ओढ्याकाठी बांबूची, खांबांवर उचललेली घरं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. कुळदेवता आईकडून लेकरांकडे येते. कपड्यावरून बाईची अवस्था कळते: लग्नापूर्वी लांब पांढरा झगा, लग्नानंतर वर रंगीत चोळीवजा कपडा आणि खाली लुंगीसारखं वस्त्र. त्या वरच्या कपड्यावर एका रानगवताच्या टणक पांढऱ्या बियांचं भरतकाम असतं.

आता अशा गावात 'आम्ही करेन' असं कुणी कुणाला सांगायचं? गावात सगळे तसेच. तो शब्द लागायचा तो खालच्या खोऱ्यातल्या राज्याशी व्यवहार करताना. मेण, मध, कापूस, वेलदोडे असा माल खंडणी म्हणून खाली जायचा. ब्रह्मी आणि सयामी राजांची युद्धं याच डोंगरांतून व्हायची. दोन्हीकडच्या फौजा वाट दाखवायला आणि ओझी वाहायला यांनाच धरायच्या. सयामच्या राजांनी सीमेवरच्या करेन मुखियांना पदव्या देऊन पहारेकरी नेमलं होतं. म्हणजे करेन असणं हे आधी रक्ताचं कमी आणि नात्याचं जास्त होतं: आम्ही डोंगरातले, तुम्ही खोऱ्यातले, आणि आपल्यामध्ये हा देण्याघेण्याचा करार.

आता पहिला प्रश्नकर्ता, मिशनरी. इथे एक योगायोग सांगायलाच हवा. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना परदेशी मिशनसाठी एकत्र दीक्षा मिळाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 साली मुंबईत पोहोचले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. त्याच पाचांतला अ‍ॅडोनिराम जडसन वाटेत बॅप्टिस्ट झाला आणि त्याच वर्षी रंगूनला उतरला. पुढे 1842 साली मराठी मिशनने अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. त्याच साली ब्रह्मदेशातल्या बॅप्टिस्टांनी 'प्रभाततारा' अशा अर्थाच्या नावाचं करेन नियतकालिक काढलं. एकाच दीक्षेतून दोन वाटा निघाल्या. पण मराठीत तेव्हा लिपी होती, सहाशे वर्षांचं वाङ्मय होतं. करेन भाषेला लिपीच नव्हती.

जडसनचा खरा रोख ब्रह्मी बौद्धांवर होता आणि तिथे त्याला फारसं यश येईना. अशा वेळी को था ब्यू नावाचा एक करेन माणूस त्याच्याकडे आला. कर्जापायी गुलाम झालेला, पूर्वायुष्यात दरोडे घातलेला. 1828 साली तावॉय इथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो डोंगरोडोंगरी हिंडू लागला. करेन लोक ऐकायला जमू लागले, आणि त्यामागे एक जुनी लोककथा होती. य्वा नावाच्या निर्मात्याने प्रत्येक लेकराला एकेक पुस्तक दिलं. करेन भाऊ शेतात कामात गुंतला होता, त्याने ते बुंध्यावर ठेवलं आणि ते नष्ट झालं. एका कथेप्रमाणे कोंबड्यांनी ते उकरून खाल्लं, म्हणून शहाणपण कोंबडीच्या हाडांत उतरलं, आणि हाडं पाहून कौल लावतात तो त्यामुळे. धाकटा गोरा भाऊ पुस्तक घेऊन समुद्रापार गेला आणि एक दिवस ते परत आणणार आहे.

आता बघा, समुद्रापारहून एक गोरा माणूस हातात पुस्तक घेऊन खरंच आला! मिशनऱ्यांना ही कथा म्हणजे ईश्वरी खूण वाटली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा लिहिली आणि लिहिता लिहिता ती बायबलच्या जास्त जवळ गेली असणार, हे आपण इतिहासाचे वाचक म्हणून ध्यानात ठेवलं पाहिजे. पण कथेतलं दुखणं खरं होतं. ज्यांच्याकडे पोथी आहे ते राज्य करतात आणि आपल्याकडे पोथी नाही, हा डोंगरातल्या माणसाचा रोजचा अनुभव होता. 1830 च्या दशकात जोनाथन वेडने ब्रह्मी अक्षरांवरून स्गॉ करेन लिपी बसवली. 1853 साली फ्रान्सिस मेसनने बायबलचं भाषांतर पूर्ण केलं. शाळा निघाल्या, छापखाना आला. हरवलेलं पुस्तक परत मिळालं ते असं.

याचा परिणाम धर्मापुरता राहिला नाही. वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या मुलांनी एकच भाषा, एकाच लिपीत, एकाच वर्गात बसून शिकायला सुरुवात केली. 'आम्ही सगळे करेन' हा विचार तिथे रुजला. 1881 साली करेन नॅशनल असोसिएशन स्थापन झाली. इंडियन नॅशनल काँग्रेसच्याही चार वर्षं आधी! तिच्या पुढाऱ्यांत ख्रिस्ती, शिकलेले आणि सपाटीवरचे लोक जास्त. ज्यांच्या नावाने हे चाललं होतं ते बहुसंख्य करेन बौद्ध किंवा जुन्या देवतांचे उपासक होते. ही फट लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडली.

दुसरा प्रश्नकर्ता, राष्ट्र. ब्रह्मदेश 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. त्या काळात इंग्रजांनी पोलिसांत आणि पलटणींत करेन तरुणांची भरती केली. 1925 साली काही करेन कुटुंबांना जंगलकामासाठी अंदमानात नेलं. मायाबंदरजवळचं वेबी गाव त्यांनी वसवलं, आणि त्यांचे वंशज आज भारताचे नागरिक आहेत. 1928 साली डॉ. सॅन सी. पो यांनी पुस्तक लिहून करेनांसाठी वेगळा प्रांत मागितला. ब्रह्मी राष्ट्रवाद्यांच्या नजरेत मात्र हे सगळे इंग्रजांचे हस्तक ठरत गेले.

मग 1942 साल आलं. जपानी फौजांबरोबर ब्रह्मी स्वातंत्र्यसेना आली आणि म्याउंगम्या भागात तिच्या लोकांनी करेन वस्त्यांवर कत्तली केल्या. करेनांनीही सूड घेतला. डोंगरात मागे राहिलेला मेजर सीग्रिम हा इंग्रज अधिकारी करेनांसोबत जपान्यांविरुद्ध काम करत होता. त्याच्यासाठी गावांचा छळ होतोय हे पाहून 1944 साली तो स्वतःहून शरण गेला. जपान्यांनी त्याला आणि त्याच्या काही करेन साथीदारांना ठार केलं. करेन घरांत ही आठवण अजून सांगितली जाते. युद्ध संपल्यावर इंग्रज आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाहीत, असं करेन पुढाऱ्यांना वाटत होतं. 1946 साली त्यांचं शिष्टमंडळ लंडनला जाऊन आलं. सत्कार झाला, पण हाती काही लागलं नाही.

फेब्रुवारी 1947 मध्ये पांगलाँगला ब्रह्मी नेते आँग सान आणि डोंगरी प्रदेशांचे प्रतिनिधी यांच्यात करार झाला. तिथे करेन होते, पण केवळ निरीक्षक म्हणून. त्याच महिन्यात करेन नॅशनल युनियन स्थापन झाली. नव्या घटनेने शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनी फुटून निघायचा हक्क दिला. करेनांच्या राज्याची हद्दसुद्धा ठरली नाही. 4 जानेवारी 1948 ला देश स्वतंत्र झाला आणि 31 जानेवारी 1949 ला रंगूनला लागून असलेल्या इन्सीनमध्ये लढाई पेटली. जगातल्या सर्वांत लांबलेल्या यादवी युद्धांपैकी एक तिथे सुरू झालं. पहिले पुढारी सॉ बा ऊ जी 1950 साली मारले गेले, आणि लढा हळूहळू सपाटीवरून थायलंडच्या सीमेलगतच्या डोंगरांत सरकला.

इथे एक मोठी उलथापालथ झाली. सपाटीवर घडलेली ओळख डोंगरात राहायला आली. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात 'राष्ट्र' हा शब्द ऐकला नव्हता, त्याच्या गावात करेन झेंडा, करेन शाळा, करेन महसूल आला. आणि पाठोपाठ लष्कर आलं. ब्रह्मी सैन्य बंडखोरांना धान्य, पैसा, बातमी आणि माणसं मिळू नयेत म्हणून गावंच उठवायचं, कोठारं जाळायचं. 1984 पासून थायलंडच्या हद्दीत निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. या छावण्यांत वाढलेल्या मुलांसाठी करेन असणं म्हणजे आपलं गाव गमावलेलं असणं.

आणि ती फट? डिसेंबर 1994 मध्ये बौद्ध करेन सैनिकांचा एक गट ख्रिस्ती नेतृत्वावर नाराज होऊन फुटला आणि सरकारी लष्कराला जाऊन मिळाला. पुढच्याच महिन्यात मानेरप्लॉ हे करेनांचं मुख्य ठाणं पडलं. एका पुस्तकाभोवती उभी राहिलेली ओळख, ज्यांचं ते पुस्तक नव्हतं त्यांना पुरेशी सामावून घेऊ शकली नाही. आमच्या मते हिंटनच्या खोडकर प्रश्नाचं सर्वांत गंभीर उत्तर इथे आहे. करेन होते, पण एकाच उत्तराने त्यांचं भागत नव्हतं.

आता सीमेपलीकडे, थायलंडात जाऊ. तिथे तिसरा प्रश्नकर्ता भेटतो, वनाधिकारी. त्याची सुरुवात मात्र ब्रह्मदेशातच झाली. 1856 साली डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या सागवनांचा अधिकारी झाला. करेन शेतकरी डोंगर भाजून भात पिकवतात हे त्याने पाहिलं आणि एक युक्ती काढली: त्यांनी आपल्या शेतातच सागाची रोपं लावायची, पहिली दोनेक वर्षं मधल्या जागेत पीक घ्यायचं, मग पुढे जायचं. मागे उरायचं ते सरकारी सागवन. या पद्धतीला 'ताउंग्या' म्हणतात. पुढे ती जगभर गेली. ब्रँडिस 1864 साली हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. म्हणजे आपल्याकडच्या वनखात्याचा पाया घालणारा माणूस आपले पहिले धडे करेनांच्या शेतात शिकून आला होता. त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं, हे निराळं सांगायला नको.

थायलंडात सरकारने 1959 साली डोंगरी लोकांसाठी समिती नेमली आणि सगळ्यांना एकच नाव दिलं, 'चाओ खाओ', म्हणजे डोंगरातले लोक. त्या नावाबरोबर तीन आरोप आले: हे अफू पिकवतात, कम्युनिस्टांना आसरा देतात आणि जंगल तोडतात. करेन फारशी अफू पिकवत नव्हते, तरी शिक्का बसला. 1961 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1964 साली राखीव वनांचा. पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं कागदावर सरकारी जंगल झाली. कित्येकांकडे नागरिकत्वाचा कागदही नव्हता, मग दाद कुठे मागणार?

करेनांची ती शेती नेमकी कशी असते? हिवाळा सरता सरता एक तुकडा निवडायचा, झाडं तोडायची पण खोडं जिवंत ठेवायची. कडक उन्हाळ्यात पालापाचोळा वाळला की आधी भोवताली जाळरेषा काढून मग पेटवायचा. पावसाच्या तोंडावर टोकदार काठीने भोकं पाडून भात टोकायचा, आणि त्यातच काकडी, मिरची, अळू, तीळ, राळ्यासारखी धान्यं असं कितीतरी. कापणी झाली की तो तुकडा सात ते दहा वर्षं सोडून द्यायचा. खोडांना धुमारे फुटतात, जंगल परत येतं, आणि फिरून पुन्हा त्याच तुकड्यावर यायचं. जंगल तोडून कायमचं पुढे सरकत जाणं वेगळं आणि हे फेऱ्याने परतणं वेगळं. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दोन्हींचा धूर सारखाच दिसतो.

1989 साली थायलंडात जंगलतोडीवर बंदी आली आणि डोंगरातल्या गावांवरचा दबाव वाढला. तेव्हा करेन गावांनी, त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांनी आणि संस्थांनी नवं उत्तर मांडलं: आम्ही जंगलाचे राखणदार. बाळाची नाळ बांबूच्या नळीत घालून झाडाला बांधायची आणि ते झाड कधी तोडायचं नाही, ही जुनी रीत आता सभांमध्ये पुरावा म्हणून सांगितली जाऊ लागली. बाईचा तो पांढरा झगा पूर्वी गावाला सांगायचा की हिचं लग्न व्हायचं आहे. आता शहरातल्या मोर्चात तो सरकारला सांगू लागला की आम्ही करेन आहोत. कपडा तोच, ऐकणारा बदलला. याला यशही आलं. 3 ऑगस्ट 2010 रोजी थाई मंत्रिमंडळाने करेनांची जीवनपद्धती आणि फेऱ्याची शेती जपण्याचा ठराव केला.

पण याच काळात घरात काय बदलत होतं? आईकडच्या कुळदेवतेचा एक विधी असतो. त्यासाठी पाळलेलं डुक्कर, कोंबडी लागते आणि त्या वंशातल्या प्रत्येकाने हजर राहून एकत्र जेवावं लागतं. एकजण जरी नसला तरी विधी पुरा होत नाही. मुलगी चियांग मायच्या हॉटेलात कामाला, मुलगा वसतिगृहात, जावई बांधकामावर. जमणार कसे? अनेक घरांनी तो विधी कायमचा बंद केला. कुणी चर्चमध्ये गेले, कुणी बौद्ध विहारात. धर्मांतर म्हटलं की आपण मतपरिवर्तन शोधतो. इथे बऱ्याचदा कारण साधं होतं: सगळ्यांना एकाच दिवशी रजा मिळत नव्हती.

शेतंही बदलली. माए चेमसारख्या खोऱ्यांत पशुखाद्याच्या कंपन्यांसाठी मका आला, त्याबरोबर खतं, तणनाशक आणि कर्ज. अँड्र्यू वॉकर या अभ्यासकाने 2001 सालीच इशारा दिला होता की करेन म्हणजे पोटापुरतं पिकवणारे वनरक्षक, हे चित्र त्यांनाच जाचक ठरू शकतं. राखणदार म्हणून तुम्हाला जंगलात राहू दिलं, तर मका लावणाऱ्या करेनाचं काय? तो विकायला पिकवतो, मोटरसायकल घेतो, मुलीला नर्सिंगला घालतो. त्याचा जमिनीवरचा हक्क संपला का?

हा प्रश्न हवेतला नाही. म्यानमारच्या सीमेलगत काएंग क्राचान राष्ट्रीय उद्यान आहे. 2011 साली उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तिथल्या वरच्या बांग क्लोई भागातल्या करेनांची घरं आणि भाताची कोठारं जाळली. गावकऱ्यांच्या बाजूने काम करणारा एक तरुण 2014 साली बेपत्ता झाला. 2019 साली त्याच्या हाडांचे अवशेष धरणाच्या पाण्यात सापडले. 2018 साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने घरं जाळणं चूक ठरवून भरपाई द्यायला लावली, पण मूळ जागी परतायचा हक्क नाकारला. 2021 साली तेच जंगल जागतिक वारसा झालं. माणसं बाहेर ठेवून जंगलाचा वारसा मान्य झाला, आणि मंत्रिमंडळाचा ठराव कागदावरच राहिला.

म्हणून शेवटी आम्हाला एवढंच म्हणायचं आहे. करेन ही ओळख बनवलेली आहे, हे खरं. पण बनवलेली म्हणजे खोटी नव्हे. कुणी ना कुणी सत्ताधारी दारात येऊन प्रश्न विचारत होता म्हणून ती बनवावी लागली. मिशनऱ्याला पुस्तकाची कथा सांगितली, राष्ट्राला झेंडा दाखवला, वनाधिकाऱ्याला नाळेचं झाड दाखवलं. प्रत्येक उत्तराने काही दिलं आणि कुणाला तरी बाहेर ठेवलं: पहिल्याने बौद्धांना, दुसऱ्याने ज्याला फक्त शेती करायची होती त्याला, तिसऱ्याने मका लावणाऱ्याला. माणसाने आधी आपलं जुनेपण सिद्ध करावं आणि मग त्याला त्याच्या शेतात राहू द्यावं, ही अटच मुळात तपासायला हवी. थिबाला गादीवरून उतरवलं तेव्हा तो कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला कुणी पुरावा मागितला नाही. करेन शेतकऱ्याकडे तो आजही मागितला जातो.

इथे थांबतो. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, जरूर विचारा.